धर्माची गाय आणि तिचे दात

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी गेल्या पावसाळ्यात गेलो होतो. चौथीपर्यंतची दोनशिक्षकी शाळा. नाव लिहीत नाही, कारण तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. मुलं सुटल्यावर सरांनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. वरच्या खणात पोषण आहाराच्या नोंदवह्या, मधल्या खणात नकाशांच्या गुंडाळ्या आणि खालच्या खणात एक खोकं. खोक्यात आठ टॅबलेट, त्यांचे चार्जर आणि काळी-पांढरी नक्षी छापलेले पुठ्ठ्याचे दहा घन.

"एआर किट," सर म्हणाले. "एका कंपनीनं सीएसआरमधून दिलं. घनावर टॅबलेट धरला की वर हृदय धडधडताना दिसायचं. मुलं टॅबलेटच्या मागे वाकून बघायची, खरंच काही आहे का म्हणून. एक पोरगी तर हातात काही लागतंय का ते चाचपायची."

"आणि आता?"

"आता ॲप उघडत नाही. आधी अपडेट मागितलं. अपडेट केलं तर म्हणालं, या टॅबलेटवर चालणार नाही. कंपनीत फोन लावला, तर तो विषय बघणारे साहेबच सोडून गेलेले. तीन टॅबलेटच्या बॅटऱ्या फुगल्यात."

मग त्यांनी डेड स्टॉक रजिस्टर काढून दाखवलं. टॅबलेट, नग आठ, प्राप्त : देणगी. निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेला होता, मंजुरी यायची होती. तोवर बंद पडलेले आठही टॅबलेट सांभाळणं ही सरांचीच जबाबदारी. एखादा हरवला तर उत्तर त्यांनी द्यायचं.

आपल्याकडे म्हण आहे, धर्माच्या गाई आणि दात का गे नाही? फुकट मिळालेल्या गाईची खोड काढू नये, हा तिचा अर्थ. शाळांनी ही शिकवण फार मनावर घेतली आहे. देणगी आली की हार-नारळ आणायचा, सरपंचांना बोलवायचं, फोटो काढायचा. प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. पण गेल्या दहा-बारा वर्षांत जगभरच्या प्राथमिक शाळांना एआरची जी साधनं फुकट मिळाली, त्यांचं पुढे काय झालं हे पाहिलं तर एवढंच सांगावंसं वाटतं : या गाईचे दात मोजूनच घ्यावेत. खोड काढण्यासाठी नव्हे. ती किती दिवस दूध देणार आणि चारा कोणी घालायचा, हे आधी कळावं म्हणून.

चार कोपऱ्यांची जादू

एआर, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी, हा समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने चढवलेला थर. हा शब्द शाळेतून आलेला नाही, विमानाच्या कारखान्यातून आला. बोइंगमध्ये विमानाच्या तारांचे जुडगे बांधताना कामगारांना मोठमोठे आराखडे फळ्यांवर लावावे लागत. तोच आराखडा डोळ्यांपुढच्या पडद्यावर दाखवता येईल का, याचा विचार करताना १९९०च्या सुमारास टॉम कॉडेल यांनी हे नाव वापरलं. त्यानंतर १९९७ साली रोनाल्ड अझुमा यांनी या तंत्राच्या तीन खुणा सांगितल्या : खरं आणि आभासी एकत्र दिसलं पाहिजे, ते त्याच क्षणी प्रतिसाद देणारं हवं आणि खऱ्या जागेशी तिन्ही मितींमध्ये जुळलेलं हवं. त्यामुळे नुसता व्हिडिओ दाखवणं म्हणजे एआर नव्हे.

शाळेपर्यंत ही गोष्ट आणली ती काळ्या चौकटीने. १९९९ साली हिरोकाझु काटो यांनी एआरटूलकिट नावाची प्रणाली बनवली. कागदावर जाड काळा चौकोन छापायचा. कॅमेरा त्याचे चार कोपरे शोधतो. ते किती तिरपे आणि किती लहान दिसतात यावरून कागद किती दूर आहे, कुठे कलला आहे याचं गणित होतं आणि त्याच कलाने चित्र वर बसवलं जातं. सरांच्या पुठ्ठ्याच्या घनामागे हीच युक्ती. तिला महागडा फोन लागत नाही, बरा कॅमेरा पुरतो.

दुसरी पद्धत चौकटीविना चालते. फोन जमिनीवरचे, टेबलावरचे ठिपके स्वतः टिपतो आणि आपण किती हललो ते आतल्या जायरोस्कोपकडून समजून घेतो. ॲपलने २०१७ साली एआरकिट आणलं, गूगलने त्यामागोमाग एआरकोअर, ते याच पद्धतीचं. यात बैठकखोलीत डायनोसोर उभा करता येतो. पण एआरकोअर फक्त तपासून मान्य केलेल्या उपकरणांवर चालतं, आणि स्वस्त टॅबलेटमध्ये बहुधा जायरोस्कोपच नसतो. देणगीचा टॅबलेट घेताना कंपन्या पडद्याचा आकार बघतात, किंमत बघतात. या छोट्या भागाची आठवण कोणाला होत नाही. पुढे शाळेत मुलं रांगेत उभी राहतात आणि पडद्यावर अक्षरं येतात की, हे उपकरण चालणार नाही.

पेटी आली, पेटी गेली

अमेरिकेतल्या बऱ्याच प्राथमिक शाळांमध्ये चित्रकला, संगीत आणि शारीरिक शिक्षणासारखाच टेक्नॉलॉजीचा तास असतो. साधारण आठवड्यातून एकदा, पाऊण तासाचा. एकच शिक्षिका शाळेतल्या सगळ्या इयत्तांना तो घेते. साधनं नसली तर ती मागायची सोयही तिथे आहे. ब्राँक्समध्ये इतिहास शिकवणाऱ्या चार्ल्स बेस्ट यांनी २००० साली डोनर्सचूज सुरू केलं. शिक्षकाने हवी ती वस्तू आणि तिचा उपयोग लिहायचा, लोक थोडे थोडे पैसे घालतात आणि रक्कम जमली की पैसे न देता वस्तूच शाळेत पोचते. मागणी वर्गातून येते, ही त्यातली खरी गोम. कोणीतरी वरून ठरवलेली पेटी नव्हे.

वरून येणाऱ्या पेटीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण गूगलचं. २०१५ साली त्यांनी एक्स्पिडिशन्स या वर्गात बसून करायच्या आभासी सफरींचा पायोनियर कार्यक्रम सुरू केला. गूगलची माणसं पेटी घेऊन शाळेत येत. तीत मुलांसाठी फोन आणि ते बसवायचे व्ह्यूअर, शिक्षकासाठी टॅबलेट आणि इंटरनेट नसलं तरी सगळं जोडून देणारा राउटर. शाळेला काहीच खर्च नाही. पहिल्या वर्षभरात दहा लाखांहून अधिक मुलांनी ही सफर केली. मे २०१७मध्ये त्याची एआर आवृत्ती जाहीर झाली. सेल्फी-स्टिकवर लावलेले फोन घेऊन मुलं वर्गात उभ्या राहिलेल्या ज्वालामुखीभोवती फिरू लागली. वादळाच्या पोटात डोकवायचं, डीएनएची शिडी खालून बघायची.

ही एआर ज्या टँगो तंत्रावर उभी होती, ते १ मार्च २०१८ला बंद झालं, कारण एआरकोअर आलं होतं. पुढे ३० जून २०२१ला एक्स्पिडिशन्सचं ॲपच बंद झालं. सफरी दुसऱ्या ठिकाणी हलवल्या, पण शिक्षकाने तीस मुलांना एकत्र घेऊन जाण्याची जी खास सोय होती, ती गेली. ज्या शाळांनी मधल्या काळात वर्गण्या काढून स्वतःच्या पेट्या घेतल्या होत्या, त्यांच्याकडे जुने फोन उरले.

एचपी रिव्हीलची गोष्ट याहून चटका लावणारी. आधी त्याचं नाव ऑरास्मा होतं. फुकट मिळे आणि शिक्षकांचं फार लाडकं होतं, कारण त्यात आशय शिक्षकांनी आणि मुलांनी स्वतः बनवायचा. मुलाने काढलेल्या चित्रावर फोन धरला की तो मुलगाच पडद्यावर येऊन पुस्तकाबद्दल बोले. शाळेच्या भिंती बोलक्या झाल्या होत्या. २०२०च्या सुरुवातीला ते बंद झालं आणि भिंतींवर नुसती चित्रं राहिली. इथे हरवला तो शिक्षकांनी रात्री जागून भरलेला आशय.

आपल्याकडेही असंच घडलं. जुलै २०२०मध्ये सीबीएसई आणि फेसबुक यांनी मिळून कार्यक्रम जाहीर केला. त्याच्या पहिल्या टप्प्यात दहा हजार शिक्षकांना एआर शिकवायचं होतं, आणि साधन होतं फेसबुकचं स्वतःचं स्पार्क एआर. १४ जानेवारी २०२५ला ते साधन बंद झालं. शिक्षण वाया गेलं असं म्हणणार नाही. थरांमागचा विचार एकदा कळला की राहतो. पण त्या साधनात जे बनवलं, ते त्याच्याबरोबर गेलं.

कंपन्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. धंद्यात दिशा बदलतात. पण आपल्या परंपरेत दान म्हणजे ज्यावर पाणी सोडलं ते. हातातून सुटलं की देणाऱ्याचा हक्क संपला. क्लाऊडवरच्या सेवेचं दान तसं नसतं. तिचं दावं कायम देणाऱ्याच्या हातात असतं. गोठा आपला, शेण आपण काढायचं आणि गाय कधी न्यायची ते त्याने ठरवायचं.

सूर्य झालेला मुलगा

समजा दावं आपल्या हातात आलं, तरी दुधाचा प्रश्न राहतोच. एआरने मुलं शिकतात का?

युलियन राडू यांनी २०१४ साली सव्वीस अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. अवकाशातली रचना समजणं, शिकलेलं जास्त काळ लक्षात राहणं आणि उत्साह, असे फायदे त्यांना आढळले. तोटेही आढळले. नजर एकाच जागी खिळून आजूबाजूचं सुटतं, साधन हाताळण्यातच वेळ जातो आणि वर्गाच्या रोजच्या चालीत ते बसत नाही.

हे "बसत नाही" म्हणजे काय, ते ब्रिटनमधल्या एका प्रयोगाने फार नेमकं दाखवलं. लुसिंडा केरावाला, रोझमेरी लकिन आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. विषय आपल्याही पुस्तकात आहे तोच : सूर्य, पृथ्वी, चंद्र, दिवस आणि रात्र. मुलं दहा वर्षांची. काही वर्गांत एआरचा आभासी आरसा होता, म्हणजे पडद्यावर मूल स्वतःला बघतं आणि त्याच्या हातात पृथ्वी फिरते. काही वर्गांत नेहमीची साधनं. संशोधकांनी शिक्षक आणि मुलांचं बोलणं शब्दशः टिपलं आणि तपासलं. एआरच्या वर्गातली मुलं नेहमीच्या वर्गातल्या मुलांपेक्षा कमी गुंतलेली निघाली.

याचं कारण ज्याने कधी हा धडा शिकवला आहे त्याला लगेच कळेल. साध्या वर्गात एक मूल सूर्य होतं, दुसरं पृथ्वी, आणि पृथ्वीला गिरक्या घेत घेत सूर्याभोवती फिरावं लागतं. चंद्र झालेल्याची तर दमछाक. चुकलं की सगळा वर्ग ओरडतो. शरीर विचार करत असतं. पडद्यावर मात्र पृथ्वी अचूकच फिरते, चुकायला जागाच नाही, आणि मुलाकडे बघण्याखेरीज काम उरत नाही.

संशोधकांचा निष्कर्ष एआर टाकून द्या असा नव्हता. त्यांनी चार गरजा मांडल्या : शिक्षकाला मुलांप्रमाणे बदलता येईल असा आशय, हात धरून नेणारा शोध, मिळणारा मोजका वेळ आणि शाळेच्या व अभ्यासक्रमाच्या चौकटीचं भान. सरांच्या खोक्यात यातलं एकही नव्हतं. धडधडणारं हृदय होतं आणि ते इंग्रजीत बोलत होतं.

वाळूतला डोंगर

आता एक दान असं, ज्याचं दावं देणाऱ्याने खरोखर सोडलं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत ऑलिव्हर क्रायलोस यांनी २०१२च्या सुमारास एआरची वाळूपेटी तयार केली. कल्पना चेक संशोधकांच्या एका प्रयोगावरून सुचली होती. साधी पेटी, त्यात वाळू. वर टांगलेला किनेक्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हिडिओ गेमसोबत मिळणारा खोली मोजणारा कॅमेरा, आणि त्याच्या शेजारी प्रोजेक्टर. हाताने वाळूचा ढीग करा, त्याच क्षणी त्यावर उंचीप्रमाणे रंग चढतात आणि समोच्च रेषा उमटतात. शिखर कापलं की रेषा सरकतात. वाळूवर हात पसरून धरला की आभासी पाऊस पडतो आणि पाणी उताराने वाहत जाऊन खळग्यात साचतं.

भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा आमच्या पिढीने पाठ केल्या : जवळ असल्या की चढ तीव्र, लांब असल्या की मंद. इथे मूल चढ स्वतः उभा करतं आणि रेषा जवळ येताना बघतं. चुकायला जागा आहे, हात मळतात, चार जणांना एकाच पेटीत भांडता येतं. दिवाळीत अंगणात माती कालवून, गोणपाट टाकून किल्ला करणाऱ्या आणि त्यावर मोहरी पेरून हिरवळ उगवायची वाट बघणाऱ्या मराठी मुलाला हे समजावून सांगावं लागणार नाही. तो वर्षानुवर्षं हेच करत आला आहे, फक्त वरून रेषा पडत नव्हत्या.

या पेटीची आज्ञावली क्रायलोस यांनी मुक्त परवान्याखाली खुली केली. कोणीही उतरवून घ्यावी, बदलावी, वाटावी. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने किनेक्टचं उत्पादन थांबवलं, तरी पेट्या बंद पडल्या नाहीत. लोक जुने किनेक्ट शोधून त्या बांधत राहिले. चौकटीच्या एआरचंही तसंच. एआरटूलकिट खुलं होतं, म्हणून ते ज्या कंपनीने विकत घेतलं ती २०१९ साली मिटल्यावरही त्याच्या फांद्या जिवंत राहिल्या. त्यातलीच एक एआर.जेएस. साध्या ब्राउझरमध्ये चालते, ॲप लागत नाही, आणि शाळेतल्या जुन्या संगणकावरही तिची पानं साठवून ठेवता येतात.

आपल्या गोठ्यातल्या गाई

महाराष्ट्राला या प्रश्नाचा अनुभव नवा नाही. २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत "दर मुलामागे एक लॅपटॉप" या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. याच मोहिमेने पेरूमध्ये लाखो लॅपटॉप पोचवले. तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली आला, तेव्हा गणित आणि भाषेत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्र पोचलं होतं, पण वर्गातलं शिकवणं होतं तसंच राहिलं.

याच्या उलट उदाहरणही आपलंच. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले. ही तांत्रिक अर्थाने एआर नव्हे, पण कल्पना तीच : छापील पान, कॅमेरा आणि पानामागचा दुसरा थर. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तक वेगळ्याच भाषेत. डिसले कन्नड शिकले आणि थर मुलांच्या भाषेत बनवला. ब्रिटिश संशोधकांची पहिली गरज इथे एका शिक्षकाने कोणी न सांगता पुरी केली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर कोड आले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोडसुद्धा दावं सोडलेलं दानच आहे. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये तो तयार झाला आणि कंपनीने पेटंटचा हक्क न बजावता तो जगाला वापरू दिला.

आपल्याकडे देणगीचा ओघ आटणार नाही. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५मुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकामावर, म्हणजेच सीएसआरवर, खर्च करावी लागते, आणि शिक्षण हे त्यातलं सोयीचं खातं. वस्तू घेणं सोपं असतं, तिचा फोटो निघतो. टॅबलेटच्या तीन वर्षांच्या देखभालीचा फोटो निघत नाही. शाळेच्या वीजबिलाचा तर नाहीच, आणि थकबाकीपायी शाळांचे मीटर तोडल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो.

म्हणून दात मोजायचे. शाळा व्यवस्थापन समितीने नारळ फोडण्याआधी देणाऱ्याला विचारावं : इंटरनेट नसताना हे चालेल का? तुमची सेवा बंद झाली तर आमच्याकडे काय उरेल? आशय मराठीत आहे का आणि बाईंना तो बदलता येईल का? बॅटरी, दुरुस्ती आणि शिक्षकाचं प्रशिक्षण किती वर्षांचं? निर्लेखन झाल्यावर ई-कचरा कोण नेणार? डोक्यावर चढवायचा चष्मा देत असतील तर वयाची अट वाचून घ्यावी. मेटाच्या क्वेस्टची मर्यादा दहा वर्षांची आहे, म्हणजे पहिली ते चौथीची बहुतेक मुलं तिच्या बाहेर. आणि कॅमेरा वर्गात फिरणार असेल तर मुलांची चित्रं कुठे जातात हेही. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या प्रत्येकाच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी. देणगी आहे म्हणून कायदा सूट देत नाही.

यातल्या एकाही प्रश्नाने चांगला दाता दुखावत नाही. उलट त्याला कळतं की समोर वस्तू सांभाळणारी नव्हे, वापरणारी माणसं आहेत.

निघताना मी सरांना विचारलं, पुन्हा कोणी किट देऊ केलं तर घ्याल?

"घेईन की," ते म्हणाले. "त्या पोरीनं हृदय चाचपलं ना, त्यानंतर आठवडाभर वर्ग एकमेकांच्या छातीला कान लावून ठोके मोजत होता. मी सांगितलं नव्हतं. पण या वेळी आधी कागद करीन. आणि टॅबलेट दोन पुरे, सहाचे पैसे बाईंच्या प्रशिक्षणाला द्या म्हणेन."

ओसरीवर चौथीच्या दोन मुली अजून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे तेच काळी-पांढरी नक्षी असलेले घन होते, कोपऱ्यांवर मळलेले. एकीने खडूने कडांवर आकडे टाकले होते आणि दुसरी मोजत होती : कडा बारा, कोपरे आठ, पृष्ठं सहा. दोन घन चिकटवून ठेवले तर पृष्ठं बारा का होत नाहीत, यावर त्यांचं भांडण चाललं होतं.

"हे घन रजिस्टरमध्ये दिसले नाहीत," मी म्हणालो.

सर हसले. "लिहिलेच नव्हते. पॅकिंगचा पुठ्ठा समजून कोणी नोंदच केली नाही. म्हणून तर मुलांच्या हातात देता येतात."